जुन्या कागदांच्या खिडक्या
(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गणपती ही विद्येची देवता आहे हे आपण जाणतोच. पण माझ्या आजच्या विषयाला त्याचे दुसरे काम जास्त जवळचे आहे. तो लेखनिक आहे. व्यासांनी महाभारत सांगितले आणि गणपतीने ते लिहून घेतले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. सांगणारा कितीही मोठा असो, लिहून घेणारा नसेल तर सांगितलेले वाऱ्यावर जाते. आज मी या लिहून ठेवण्याविषयीच चार शब्द बोलणार आहे.

मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. नोकरीनिमित्त झाशी भागात आलो आणि जुनी पुस्तके वाचायचा नाद लागला, एवढीच माझी पात्रता. मागच्या वर्षी याच मंडपात आरतीनंतर एका मुलाने मला विचारले, "काका, आपण मराठी लोक इथे कधी आलो?" मी त्याला म्हटले, "तुझे आजोबा विट्याकडून गलाईच्या धंद्यासाठी आले, तेव्हा." तो म्हणाला, "ते कधी?" मला सांगता आले नाही. त्याच्या वडिलांनाही साल सांगता आले नाही. गंमत अशी की, बाजीराव पेशवे बुंदेलखंडात कधी आले हे मला तोंडपाठ होते. मार्च १७२९. तीनशे वर्षांपूर्वीच्या माणसाचा महिना सांगता येतो आणि ज्यांनी आपल्याला इथे आणले त्या आजोबांचे साल सांगता येत नाही! असे का होते, हाच माझा आजचा विषय.

आधी बाजीरावांची गोष्ट थोडक्यात सांगतो, म्हणजे आपल्या गावाचा धागा लागेल. महाराजा छत्रसाल यांना महंमदखान बंगशाने जैतपूरकडे कोंडीत धरले होते. हे जैतपूर आपल्यापासून काही फार लांब नाही, शेजारच्या महोबा जिल्ह्यातच आहे. बाजीराव मदतीला धावले, बंगशाला माघार घ्यावी लागली. छत्रसालांनी बाजीरावांना पुत्र मानले आणि १७३१ मध्ये त्यांच्या निधनानंतर राज्याचा सुमारे तिसरा हिस्सा मराठ्यांकडे आला. मग झाशीला नारो शंकर आले, त्यांनी गाव वसवले, किल्ला वाढवला. पुढे नेवाळकर घराणे आले. हा सगळा इतिहास आपल्याला कशावरून कळतो? बसल्या बसल्या कोणी रचलेला नाही तो. पत्रे, हिशेब, यादी, करार असे कागद कोणीतरी जपले, म्हणून कळतो.

जुन्या काळाकडे पाहायच्या तीन मोठ्या खिडक्या आहेत. सरकारी दप्तर, जुनी नियतकालिके आणि लष्करात असलेल्या माणसांच्या आठवणी. प्रत्येक खिडकीतून काही दिसते, काही दिसत नाही. आपल्यापैकी बरेच जण सोने-चांदी गाळणारे आहेत. तुम्हाला मी काय सांगावे? दागिना कितीही चकचकीत असला तरी तुम्ही आधी कस लावता, मग गाळता, मग बोलता. कागदाचेही तसेच आहे. त्यात सोने असते आणि खोटही असते. खोट आहे म्हणून दागिना कोणी फेकून देत नाही आणि चकाकतो म्हणून कोणी शंभर नंबरी भाव देत नाही.

पहिली खिडकी सरकारी दप्तराची. आपल्या मऊरानीपुराचेच उदाहरण घेऊ. इंग्रजी अमदानीत दर जिल्ह्याचे गॅझेटिअर निघाले. झाशी जिल्ह्याचे ड्रेक-ब्रॉकमन यांनी केलेले १९०९ सालचे आहे. त्याआधी १८७१ मध्ये जेन्किन्सन या अधिकाऱ्याचा जमीनमहसुलाच्या बंदोबस्ताचा अहवाल निघाला. या जुन्या सरकारी पुस्तकांत आपल्या गावाची हकीकत अशी येते: अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत मऊ हे शेतीचे लहान गाव होते. छत्रपूरच्या राजाच्या जाचाला कंटाळून तिथले व्यापारी निघाले आणि झाशीचे सुभेदार रघुनाथ हरी नेवाळकर यांच्या आश्रयाने इथे येऊन राहिले. बघता बघता गाव व्यापारपेठ झाले. म्हणजे आज आपण ज्या बाजारात दुकाने लावून बसलो आहोत, तो बाजार भरला त्यात एका मराठी सुभेदाराने दिलेल्या आसऱ्याचा वाटा आहे. हे मला ज्या दिवशी वाचायला मिळाले, त्या दिवसापासून इथल्या सराफ्यातून जाताना मला परके वाटत नाही.

त्याच कागदांत खारव्याची हकीकत आहे. खारवा म्हणजे जाडेभरडे लाल कापड, हा शब्द आपल्या मराठीतही आहे. मऊचा खारवा दूरदूरच्या प्रांतांत जात असे. त्याचा लाल रंग आल नावाच्या झाडाच्या मुळांतून काढीत. हे आल इथल्या काळ्या 'मार' जमिनीत लावायचे, तीनेक वर्षे वाट पाहायची आणि मग खोल खणून मुळे काढायची. १८७० नंतर युरोपातले कारखान्यात तयार होणारे स्वस्त रंग बाजारात आले, आणि आल गेले, आलाबरोबर ते शेत गेले, रंगारी गेले. महसूल अधिकाऱ्याने हे इतके बारकाईने का लिहिले? आलाच्या जमिनीला सारा जास्त मिळत असे म्हणून. सरकारची नजर साऱ्यावर होती. त्यामुळे बिघ्याचा दर कागदावर आला, पण खारवा विणणाऱ्या कोष्ट्याचे आणि रंगाऱ्याचे नाव आले नाही. दप्तराचे सोने म्हणजे आकडा आणि तारीख. खोट ही की ज्याच्याकडून वसुली नाही तो माणूस त्यात दिसत नाही.

सरकारी कागद कधी कधी सरकारच्याच विरुद्ध साक्ष देतो, हेही लक्षात ठेवावे. जून १८५७ मध्ये झाशीत उठाव झाला, इंग्रज मारले गेले. त्याच महिन्यात राणी लक्ष्मीबाईंनी जबलपूरचे कमिशनर अर्स्किन यांना पत्रे पाठवली. अर्स्किन यांनी, आपली फौज येईपर्यंत जिल्ह्याचा कारभार तुम्हीच पाहा, असे त्यांना कळवले. पुढे याच राणीला इंग्रजांनी बंडखोर ठरवले. ही पत्रे सरकारी दप्तरात राहिली. उत्तर प्रदेश सरकारने १९५९ मध्ये 'फ्रीडम स्ट्रगल इन उत्तर प्रदेश' या मालेचा बुंदेलखंडावरचा तिसरा खंड काढला, त्यात त्या काळातले असे पुष्कळ कागद एकत्र छापले आहेत. ज्या सरकारने राणीवर फौज पाठवली, तिची बाजू त्याच सरकारच्या दप्तरामुळे टिकली.

दुसरी खिडकी जुन्या नियतकालिकांची. राणींचे प्रत्यक्ष वर्णन ज्या थोड्या लोकांनी लिहून ठेवले, त्यांत जॉन लँग हा एक. ऑस्ट्रेलियात जन्मलेला हा वकील इथे 'मफस्सिलाइट' नावाचे वृत्तपत्र चालवीत असे आणि कंपनी सरकारविरुद्ध खटले लढवीत असे. १८५४ मध्ये संस्थान खालसा झाले तेव्हा राणींनी सल्ल्यासाठी त्याला झाशीला बोलावले. पडद्याआडून बोलणे झाले. मध्येच लहान दामोदररावांनी पडदा बाजूला केला आणि लँगला राणी क्षणभर दिसल्या. साधे पांढरे वस्त्र आणि कानांत सोन्याचे अलंकार, असे तो लिहितो. झाशी न देण्याचे त्यांचे जे प्रसिद्ध उद्गार शाळेतल्या प्रत्येक मुलाला पाठ असतात, ते लँगच्याच लेखातून जगाला कळले. हा लेख आधी चार्ल्स डिकन्सच्या साप्ताहिकात आला आणि मग १८५९ मध्ये लँगच्या पुस्तकात. पण कस लावायला विसरू नका. लँग राणींचा वकील होता, आणि लेख छापला गेला तेव्हा राणींचे नाव गाजत होते. वाचकाला रस वाटेल असेच तो लिहिणार. म्हणून लेख खोटा ठरत नाही. कोणासाठी आणि केव्हा लिहिला, एवढे ध्यानात ठेवून वाचायचे.

मग १८५७ बद्दल आपली मराठी पत्रे काय म्हणत होती, असे कोणी विचारील. 'दर्पण' १८३२ चे, 'ज्ञानप्रकाश' १८४९ चे, म्हणजे मराठी पत्रे तर होती. पण जून १८५७ मध्येच सरकारने कायदा करून छापखान्यांवर परवान्याचे बंधन घातले. त्यामुळे त्या वर्षीची पत्रे वाचताना छापलेल्या ओळींइतकेच न छापलेल्या ओळींकडे लक्ष द्यावे लागते. पुढे १८७८ मध्ये काशिनाथपंत साने, जनार्दन बाळाजी मोडक वगैरे मंडळींनी 'काव्येतिहाससंग्रह' मासिक सुरू केले आणि घराघरांत पडलेल्या बखरी, पत्रे छापायला घेतली. वर्गणीदारांच्या जोरावर चालणारे साधे मासिक होते ते. पण त्यात छापले म्हणून कितीतरी कागद वाळवीच्या तोंडून वाचले. लहानशा नियतकालिकाचे मोल तेव्हा कळत नाही, शंभर वर्षांनी कळते. आपली ही स्मरणिका हातात घेताना मला तेच आठवते.

तिसरी खिडकी लष्करी आठवणींची. सर ह्यू रोज यांची फौज २१ मार्च १८५८ ला झाशीसमोर आली. त्या फौजेबरोबर दोन डॉक्टर होते, टॉमस लो आणि सिल्व्हेस्टर. दोघांनीही १८६० मध्ये आपापली पुस्तके काढली. लो राणींना शिव्याशाप देतो. पण तटावर बायका-मुले राबत होती, पडलेली भिंत सावरीत होती, शिपायांना अन्नपाणी पोचवीत होती, हेही तोच लिहितो. शत्रूच्या तोंडून निघालेली ही साक्ष आपल्या पोवाड्यापेक्षा वजनदार आहे. पुढे ७ मे ला कोंचची लढाई झाली. तिथल्या उन्हाने गोरे शिपाई पटापट कोसळले, हेही या मंडळींनी नोंदवले आहे. आपण इथले मे महिने काढले आहेत, आपल्याला ते वेगळे समजावून सांगायला नको.

लष्करी आठवणींत तोफा किती, मेले किती, पदक कोणाला, हे सगळे येते. ज्या घरावर तोफेचा गोळा पडला त्या घरात काय चालले होते, हे मात्र येत नाही. तोफा डागणाऱ्याला ते दिसणार तरी कसे?

ते आपल्याला एका मराठी माणसामुळे कळते. कोकणातल्या पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे. कर्जामुळे घर अडचणीत होते. उत्तरेत बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, असे ऐकून काकांबरोबर १८५७ मध्ये घराबाहेर पडले. म्हणजे आपल्यासारखेच पोटासाठी उत्तरेत आलेले! वाटेत बंड सुरू झाले आणि भटजी वेढ्याच्या वेळी नेमके झाशीत सापडले. शहर पडल्यावर लूट कशी झाली ते त्यांनी लिहिले आहे. आधी सोने-नाणे, मग भांडीकुंडी, मग कापडचोपड, धान्य. आणि ज्या गोष्टीसाठी त्यांचा जीव सर्वांत हळहळला ती म्हणजे राजवाड्यातला ग्रंथसंग्रह. पिढ्यान् पिढ्या जमवलेल्या पोथ्या गोऱ्यांनी फोडून, फाडून, तुडवून टाकल्या. दक्षिणेसाठी आलेला गरीब भिक्षुक दागिन्यांपेक्षा पोथ्यांसाठी जास्त रडला, हे वाचताना आजही गलबलून येते. मऊरानीपुराच्या त्या काळातल्या मराठी कमाविसदारांचे, कारकुनांचे कागद आज आपल्या हाती का नाहीत, याचे निदान अर्धे उत्तर त्या लुटीत आहे.

त्याच उन्हाळ्यात काल्पीच्या वाटेवर विष्णुभटांना विहिरीपाशी राणी भेटल्या. धुळीने माखलेल्या, तहानलेल्या. हे पाणी काढून देऊ लागले तर राणींनी तुम्ही विद्वान ब्राह्मण, असे म्हणून नको म्हटले आणि स्वतः पाणी काढले. इंग्रज डॉक्टरांना त्या उन्हाळ्यात शिपायांचा उष्माघात दिसला, आपल्या भटजींना राणींची तहान दिसली. ऊन एकच. दोन्ही पुस्तके शेजारी शेजारी ठेवली तरच तो उन्हाळा पुरा कळतो.

आता या विष्णुभटांच्या पुस्तकाची जन्मकथा ऐका, कारण माझे सांगणे सगळे तिच्यात आहे. ते आपणहून लिहायला बसले नाहीत. परत गेल्यावर पंचवीस वर्षे ते या हकीकती तोंडाने सांगत होते. त्यांच्या यजमान घराण्यातले चिंतामणराव वैद्य यांनी, हे सारे लिहून काढा, म्हणून आग्रह धरला, तेव्हा १८८३ च्या सुमारास त्यांनी लिहिले. सरकारची भीती होती, म्हणून ते छापले गेले १९०७ मध्ये. 'माझा प्रवास' हेच ते पुस्तक. छापताना वैद्यांनी भाषेत आणि मजकुरात बरेच फेरफार केले. पण मूळ मोडी हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात सुरक्षित राहिले, म्हणून १९६६ मध्ये दत्तो वामन पोतदारांना मूळ पाठ प्रसिद्ध करता आला. एकाने विचारले, दुसऱ्याने लिहिले आणि मूळ कागद कोणी टाकला नाही. तिन्हींपैकी एक जरी चुकले असते तरी झाशीच्या त्या घरांतले आपल्याला काहीच कळले नसते.

आपल्या गावच्या सुपुत्राचेही उदाहरण आहे. वृंदावनलाल वर्मा यांचा जन्म १८८९ चा, इथलाच, मऊरानीपुरचा. झाशीत वकिली करीत. त्यांचे पणजोबा राणींच्या बाजूने लढताना पडले होते आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायकांकडून त्यांनी राणींच्या गोष्टी ऐकल्या होत्या. पुढे दत्तात्रय बळवंत पारसनीस यांचे १८९४ चे राणींचे मराठी चरित्र त्यांच्या वाचनात आले. त्यात राणी इंग्रजांच्या वतीनेच झाशी सांभाळीत होत्या, असा सूर. घरची गोष्ट एक सांगते, पुस्तक दुसरेच सांगते! वर्माजींनी घरची गोष्ट टाकली नाही आणि पुस्तकावरही रागावले नाहीत. ते जुने सरकारी कागद शोधत राहिले, म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारीत राहिले आणि मग १९४६ मध्ये त्यांची 'झाँसी की रानी' ही कादंबरी आली. त्यांचे मत सर्वांनाच पटेल असे नाही. अर्स्किनची पत्रे पाहिली की पारसनीसांनाही आधार होता हे दिसते. पण दोन कागदांत भांडण लागले की तिसरा शोधायचा, ही रीत आपल्याच गावच्या माणसाने घालून दिली आहे.

आता पुन्हा त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी, तासगाव या दुष्काळी भागांतून माणसे निघाली आणि गलाईचा धंदा घेऊन देशभर पसरली. उत्तर भारतातल्या कितीतरी गावांच्या सराफ्यात आज एखादे तरी मराठी दुकान सापडते. ही काही लहान घटना नाही. पण ती कुठल्या दप्तरात आहे? तहसिलीत खतौनी आहे, पण आपण भाड्याच्या दुकानात, खतौनीत आपले नाव नाही. वर्तमानपत्रात आपली बातमी येते ती चोरी झाली तर किंवा विसर्जनाची मिरवणूक निघाली तर. आणि आपण काही सेनापती नव्हे की आठवणी छापाव्या. तिन्ही खिडक्यांतून पाहिले तर आपण दिसतच नाही. रंगाऱ्यासारखेच.

म्हणजे चौथी खिडकी आपल्या घरालाच काढावी लागेल.

इथे मला माझीच चूक सांगितली पाहिजे. वडिलांची पत्रे एका पत्र्याच्या पेटीत होती. पंचवीस-तीस वर्षांची अंतर्देशीय पत्रे आणि पोस्टकार्डे. त्यांत पावसाची खबर, ज्वारीचा भाव, कोणाचे लग्न ठरले, कोणाला पैसे पाठवले, हेच सगळे. बदलीच्या वेळी सामान बांधताना मला वाटले, यात काय आहे? मी ती रद्दीत दिली. आज जेन्किन्सन साहेबाचा अहवाल मी हौसेने वाचतो, दीडशे वर्षांपूर्वीची मऊची जमीन मला कळते. माझ्या वडिलांच्या गावी दुष्काळाच्या वर्षी चूल कशी पेटली, हे मात्र मला कळायला आता मार्ग नाही. तो मीच बंद केला. झाशीच्या पोथ्या परक्यांनी फाडल्या, माझ्या मी स्वतः किलोवर विकल्या.

म्हणून हात जोडून विनंती आहे. घरातल्या ज्येष्ठांना विचारा. कोणत्या साली आलात, कोणत्या गाडीने आलात, पहिले दुकान कोणाचे, भाडे किती, पहिली भट्टी कुठे लावली, गावाकडे पैसे कसे पाठवत होता, भाषा कळत नव्हती तेव्हा कोणी सांभाळून घेतले. त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, चुका सुधारायला जाऊ नका. मोबाईलवर आवाज भरून ठेवला तरी चालेल, पण सोबत एका कागदावर तारीख आणि नाव लिहा. जुन्या हिशेबाच्या वह्या, पत्रे, फोटो टाकू नका. फोटोच्या मागे पेन्सिलीने नावे लिहा. नातवाला चेहरा दिसेल, नाव कळणार नाही. आणि मंडळाला सूचना की, दरवर्षीच्या स्मरणिकेच्या दोन प्रती, पावतीपुस्तकांची एक प्रत आणि सभेचे इतिवृत्त एका पेटीत नीट ठेवावे. जाहिरातींची पानेसुद्धा फाडू नयेत. पन्नास वर्षांनी कोणत्या वर्षी या बाजारात कोणाचे दुकान होते, हे त्या जाहिरातींवरूनच कळेल.

आता सोयीही झाल्या आहेत. राष्ट्रीय अभिलेखागाराचे पुष्कळ कागद 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येतात. मी सांगितलेल्या जुन्या पुस्तकांपैकीही काही इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात. मुलांनी जरूर शोधावे.

आपल्या गणेशोत्सवाच्याच दिवसांत इथला जलविहाराचा मेळा भरतो. गावोगावच्या मंदिरांतले देव विमानांत बसून सुखनईवर येतात. त्या गर्दीत आपणही असतो, आपली मुलेही असतात. मऊच्या लाल खारव्यासारख्या जाड्या कापडात कितीतरी पेढ्यांच्या चोपड्या आणि दप्तरे बांधून ठेवली जात. ज्या गावाने दुसऱ्यांचे कागद बांधायला कापड दिले, त्या गावात राहून आपण आपले चार कागद तरी बांधून ठेवावेत. पुढच्या वर्षी तो मुलगा मला पुन्हा भेटेल. तेव्हा त्याच्या आजोबांचे साल त्यानेच मला सांगावे, अशी माझी इच्छा आहे.



गणपती बाप्पा मोरया!